झटका आणि धाक
(पॅनिक डिसऑर्डरची कारणं आणि उपचार यांविषयीच्या स्मृतिव्याख्यानाची मुद्रित संहिता)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, ते या गावचे फॅमिली डॉक्टर होते. मानसोपचाराची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पण आज ज्या आजाराविषयी मी बोलणार आहे, त्याचे रुग्ण त्यांनी माझ्याहून जास्त पाहिले असणार. कारण पॅनिकचा रुग्ण मानसोपचारतज्ज्ञाकडे सरळ कधी येतच नाही. तो आधी फॅमिली डॉक्टरांकडे जातो. मग धडधड होते म्हणून हृदयरोगतज्ज्ञाकडे, चक्कर येते म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे, छातीत गॅस धरतो म्हणून पोटाच्या डॉक्टरांकडे. मधल्या काळात कुणीतरी दृष्ट काढतं, कुणी नवस बोलतं. रिपोर्टांची फाइल चांगली फुगली की मग कुणाच्या तरी सांगण्यावरून, तेही थोडं रागावूनच, तो माझ्यासमोर येऊन बसतो. ‘मला वेड लागलेलं नाही’ हे त्याचं पहिलं वाक्य असतं. ते खरंही असतं.

आधी झटका म्हणजे काय ते पाहू. माणूस बँकेच्या रांगेत उभा असतो, जेवून टीव्ही बघत असतो, कधी गाढ झोपेतही असतो. एकाएकी छातीत धडधडू लागतं. श्वास पुरत नाही, छाती आवळल्यासारखी होते, दरदरून घाम फुटतो, हातापायांना मुंग्या येतात, भोवतालचं सगळं लांबचं, खोटं वाटू लागतं. त्या सगळ्यावर कळस म्हणजे एक खात्री : आपण आत्ता मरतोय, नाहीतर आपला तोल कायमचा सुटतोय. हे सारं काही मिनिटांत शिगेला पोहोचतं आणि बहुधा अर्ध्या-पाऊण तासात ओसरतं. तोवर घरच्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात आणलेलं असतं. कॅज्युअल्टीत ईसीजी निघतो, रक्त तपासतात, दुसऱ्या दिवशी टू-डी इको होतो. ‘काही नाही, सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका,’ असं सांगून डॉक्टर घरी पाठवतात. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. रुग्णाला मात्र वाटतं, यांना ते सापडलंच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पंचवीस देशांत झालेल्या पाहण्यांचे आकडे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदा तरी पॅनिकचा झटका येऊन गेलेली माणसं शंभरात साधारण तेरा निघाली. पॅनिक डिसऑर्डर हा आजार झालेली मात्र शंभरात दोनहूनही कमी. म्हणजे या सभागृहात अनेकांना असा झटका येऊन गेलेला असेल. ते दोन दिवस हादरले असतील, आणि मग कामाला लागले असतील. मग थोड्याच जणांचा त्यातून आजार का होतो? गेल्या दीडशे वर्षांचं संशोधन या प्रश्नाभोवती फिरलेलं आहे, आणि त्यातून निघणारं उत्तर माझ्या आजच्या व्याख्यानाचं सार आहे. झटका ही एक गोष्ट आणि आजार ही दुसरी. पुढच्या झटक्याच्या धाकाने जगणं आकसत जातं, तेव्हा आजार होतो. दोन्हींची कारणं वेगळी, म्हणून उपचारही वेगळे.

या शोधाची सुरुवात रणांगणावरून झाली. अमेरिकेच्या यादवी युद्धातले धडधाकट सैनिक छातीत धडधडतं, दुखतं, धाप लागते म्हणून फिलाडेल्फियाच्या लष्करी इस्पितळात येऊ लागले. जेकब मेंडेस डा कोस्टा या डॉक्टरने अशा तीनशे सैनिकांची टिपणं ठेवली आणि १८७१ मध्ये ‘चिडखोर हृदय’ या नावाने ती छापली. हृदयावर ताण पडला आहे, असं त्याचं निदान होतं. त्याच सुमारास बर्लिनमध्ये कार्ल वेस्टफाल हा मनोविकारतज्ज्ञ काही पुरुषांची हकिकत लिहीत होता. या माणसांना मोकळा चौक ओलांडता येत नसे. भिंतीच्या कडेने जाता आलं किंवा कुणी सोबत असलं तर जमे. एकाने झटका पाहिला, दुसऱ्याने धाक पाहिला. दोघांच्या टिपणांत एकाच दुखण्याचे दोन तुकडे होते, पण एक हृदयाच्या खात्यात जमा झाला आणि दुसरा मनाच्या. १८९५ मध्ये फ्रॉइडने चिंतेच्या झटक्यांचं नेमकं वर्णन केलं खरं, पण पुढची साठ-सत्तर वर्षं सगळ्या प्रकारची चिंता एकाच गाठोड्यात बांधली गेली.

ते गाठोडं सोडलं एका औषधाने. १९५०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या हिलसाइड हॉस्पिटलमध्ये डोनल्ड क्लाइन हा तरुण डॉक्टर इमिप्रामिन हे नवं औषध वापरून पाहत होता. नैराश्यावर त्याचा उपयोग होतो हे स्वित्झर्लंडच्या रोलंड कुन यांनी नुकतंच दाखवलं होतं. क्लाइनच्या वॉर्डात काही रुग्ण असे होते की ज्यांच्यावर कशाचाच उपाय चालत नव्हता. ते दिवसातून अनेकदा ‘मी मरतोय’ म्हणत परिचारिकांच्या टेबलाकडे धावत येत. परिचारिका हात धरून बसत, थोड्या वेळाने ते शांत होत. औषध सुरू होऊन काही आठवडे गेले. रुग्णाला विचारलं तर तो म्हणे, काही फरक नाही. त्याच्यावर मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही फरक दिसेना. फरक दिसला परिचारिकांना. त्या म्हणाल्या, हा आता आमच्याकडे धावत येत नाही.

क्लाइनने या निरीक्षणाचा पाठपुरावा केला. झटके थांबले होते. तरीही रुग्ण एकटा बाहेर पडायला तयार नव्हता. झटका येईल ही भीती जशीच्या तशी होती. म्हणून तर ‘फरक नाही’ हे त्याचं उत्तर होतं. औषधाने एक गोष्ट गेली आणि दुसरी राहिली, तेव्हा त्या मुळात दोन असल्या पाहिजेत, असं अनुमान त्याने १९६४च्या लेखात मांडलं. ते पचायला पंधराएक वर्षं गेली. १९८०च्या अमेरिकी निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीत, ‘पॅनिक डिसऑर्डर’ हे नाव पहिल्यांदा स्वतंत्रपणे आलं. आजच्या व्याख्येतही हा धागा आहे. नुसते झटके येऊन भागत नाही. अवचित, वारंवार झटके आले, आणि त्यानंतर महिनाभर तरी पुढच्या झटक्याची काळजी राहिली किंवा त्यापायी वागणं बदललं, तरच आजार म्हणायचं.

मग झटका कशाने येतो? याचा शोध प्रयोगशाळेत जोर धरू लागला तो १९६७ मध्ये. सेंट लुइसच्या पिट्स आणि मॅक्लुअर यांनी सोडियम लॅक्टेट हे रसायन शिरेतून दिलं. व्यायामानंतर स्नायूंत साठतं त्याच जातीचं हे रसायन. चौदा रुग्णांपैकी तेरांना हुबेहूब त्यांचा नेहमीचा झटका आला. दहा निरोगी माणसांपैकी दोघांनाच काही जाणवलं. भीतीसारखी गोष्ट सलाइनच्या बाटलीतून आणता येते, याने मोठी खळबळ उडाली. पुढे पस्तीस टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या वायुमिश्रणाचा एकच खोल श्वास दिला तरी तेच घडतं असं दिसलं. कडक कॉफीच्या चार कपांनीही अनेक रुग्णांना झटका येतो.

या सगळ्यावरून क्लाइनने १९९३ मध्ये एक सिद्धान्त मांडला. आपल्या मेंदूत गुदमरण्याची सूचना देणारी धोक्याची घंटा असते. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला, म्हणजे हवा मिळेनाशी झाली, की ती वाजते आणि माणूस जिवाच्या आकांताने बाहेर धावतो. पॅनिकच्या रुग्णात ही घंटा अती हळवी असते, हवा भरपूर असतानाही वाजते. त्याच्या पुराव्यांत वजन होतं. पॅनिकमध्ये श्वास न पुरणं हे लक्षण ठळक असतं, तर वाघ समोर आल्यावरच्या भीतीत ते नसतं. साध्या भीतीत कॉर्टिसॉल हे संप्रेरक उसळतं, लॅक्टेटच्या झटक्यात फारसं वाढत नाही. झोपेतला झटका स्वप्नाच्या वेळी न येता, स्वप्नं नसलेल्या झोपेत येतो. आणि एक दुर्मीळ जन्मजात विकार असा आहे की त्यात ही घंटाच बंद असते. झोपेत श्वास मंदावला तरी मुलाला जाग येत नाही. अशा मुलांत चिंतेचं प्रमाण कमी आढळलं.

पण क्लाइनचा सिद्धान्त छापून येण्याआधीच ऑक्सफर्डमधून दुसरा आवाज उठला होता. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये विचारलं, लॅक्टेट, कार्बन डायऑक्साइड, कॅफीन, या रसायनांत सारखं काय आहे? रासायनिकदृष्ट्या फारसं काही नाही. सारखं आहे ते इतकंच की तिन्ही शरीरात जोरकस संवेदना उठवतात. संवेदना उठली, की पॅनिकचा रुग्ण तिचा सर्वांत भयंकर अर्थ लावतो. धडधड झाली म्हणजे हार्ट अटॅक. गरगरलं म्हणजे आता कोसळणार. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, वाढलेली धडधड त्या अर्थाला पुष्टी देते, आणि काही मिनिटांत झटका पुरा होतो.

हे नुसतं तर्काने सांगून क्लार्क थांबला नाही. त्याच्या गटाने रुग्णांना शब्दांच्या जोड्या मोठ्याने वाचायला दिल्या : धडधड आणि मरण, धाप आणि गुदमरणं. रसायन नाही, सुई नाही, फक्त कागदावरचे शब्द. बारा रुग्णांपैकी दहांना वाचता वाचता झटका आला. उपचारांनी बरे झालेल्यांना आणि निरोगी माणसांना कुणालाच आला नाही. अँके एलर्स यांनी रुग्णांना त्यांच्या हृदयाचे ठोके म्हणून खोटाच, अचानक वाढलेला आवाज ऐकवला. ऐकून रुग्णांची खरी धडधड वाढली.

मला या सगळ्यांत जास्त आवडतो तो सँडरसन, रेपी आणि बार्लो यांचा १९८९चा प्रयोग. वीस रुग्णांना साडेपाच टक्के कार्बन डायऑक्साइड पंधरा मिनिटं हुंगायला दिला. समोर एक दिवा आणि हाताशी एक बटण. सांगितलं होतं की दिवा लागलेला असेल तर हे बटण फिरवून वायू कमी करता येईल; पण शक्यतो फिरवू नका. निम्म्यांचा दिवा लावला, निम्म्यांचा लावलाच नाही. दिवा नसलेल्या दहांपैकी आठांना झटका आला, दिवा लागलेल्यांपैकी दोघांना. वायू सर्वांना सारखाच मिळाला होता. बटण कशालाच जोडलेलं नव्हतं.

म्हणजे क्लार्क जिंकला आणि क्लाइन हरला? तसंही नाही. २०१३ मध्ये एक असा प्रयोग झाला, की दोन्ही बाजूंनी पुन्हा विचार करावा. मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. भीतीचं केंद्र म्हणून तो प्रसिद्ध आहे. एका दुर्मीळ आजारात दोन्ही बाजूंचे अमिग्डाला नष्ट होतात. अशी एक महिला संशोधनविश्वात ‘एसएम’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिला साप, कोळी, भुताटकीचं घर, कशाचीही भीती वाटत नाही. अमेरिकेतल्या आयोवामधल्या संशोधकांनी तिला आणि असंच नुकसान झालेल्या दोन जुळ्या बहिणींना पस्तीस टक्के कार्बन डायऑक्साइडचा एक श्वास दिला. भीती वाटणार नाही, असा संशोधकांचा कयास होता. तिघींनाही जबरदस्त झटका आला. मुखवटा ओरबाडून काढण्याची त्यांची धडपड बघून संशोधकही चकित झाले.

ज्याला भीतीचं केंद्र म्हणतात त्याच्याशिवायही झटका येऊ शकतो. शरीराच्या आतून, श्वासाच्या रसायनातून उठणाऱ्या भीतीला मेंदूत वेगळी वाट आहे. इथे क्लाइनच्या घंटेला पाठबळ मिळालं. पण प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्या निरोगी माणसांना पहिल्या श्वासाने झटका आला, त्यांचं शरीर दुसऱ्या वेळी मुखवटा चढण्याआधीच धास्तावलेलं होतं. या तिघींत ती आधीची धास्ती दिसली नाही. झटका आला, पण त्याने धाक बसला नाही. न्यूयॉर्कच्या परिचारिकांनी जे पाहिलं होतं, त्याची ही जणू उलटी बाजू. तिथे औषधाने झटका गेला आणि धाक उरला. इथे झटका आला आणि धाकाची यंत्रणाच गैरहजर होती. दोन्हींनी मिळून एकच गोष्ट सिद्ध केली : मेंदूत या दोन गोष्टी वेगळ्या चालतात.

मग शंभरांतल्या त्या दोघांना धाक का बसतो? काही वाटा आनुवंशिकतेचा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून तो साधारण चाळीस टक्के धरला जातो. म्हणजे आईला होतं म्हणून मुलीला होईलच असं नाही. कुठलाही एकच जनुक दोषी सापडलेला नाही. बायकांत प्रमाण पुरुषांच्या साधारण दुप्पट आहे. पहिला झटका बरेचदा मोठ्या उलथापालथीनंतर, घरातलं मरण, बाळंतपण, नोकरीतला बदल अशा काळात येतो. काही माणसं मुळातच शरीराच्या संवेदनांना धोकादायक मानतात, आणि हा स्वभाव झटका येण्याच्या आधीपासून असतो. ‘अवचित’ म्हणतात ते झटकेही पूर्ण अवचित नसतात. टेक्सासमध्ये अलिशिया म्यूरे यांनी त्रेचाळीस रुग्णांच्या अंगावर दिवसभर यंत्रं बांधून श्वास आणि ठोके मोजले. त्या काळात आलेल्या तेरा झटक्यांच्या आधी शरीरात जवळजवळ पाऊण तास चढउतार चालू होते. रुग्णाला त्याचा पत्ताही नव्हता.

आता उपचारांकडे वळतो. त्याआधी एक स्पष्टीकरण : पहिला झटका आला तर तपासणी करायचीच. थायरॉइड वाढलेलं असेल, हृदयाच्या ठोक्यांचा दोष असेल, दमा असेल, रक्त फार कमी असेल, तरी असंच वाटू शकतं. एकदा नीट तपासून घ्यावं, हा माझा आग्रह आहे. तेच महिन्याला नव्या डॉक्टरांकडे करणं हा मात्र आजाराचाच भाग आहे.

औषधांत आज पहिली निवड एसएसआरआय गटाची : सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, एस्सिटालोप्राम. झटके थांबवण्यात ती इमिप्रामिनइतकीच चांगली आणि घ्यायला सोपी. पण ती चार-सहा आठवड्यांनी लागू पडतात, आणि पहिल्या आठवड्यात काहींची अस्वस्थता उलट वाढते. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण तिसऱ्या दिवशी गोळी फेकून देतो. म्हणून अर्ध्या मात्रेने सुरुवात करायची आणि काय होईल ते आधीच बजावायचं. बरं वाटल्यावरही साधारण वर्षभर घेऊन मग हळूहळू उतरवायची.

अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपामची गोष्ट वेगळी. अर्ध्या तासात आराम पडतो, म्हणून ती लोकप्रिय आहेत. शेजारणीने दिलेल्या अर्ध्या पट्टीवर दिवस काढणारी माणसं मी पाहतो. १९९३ मध्ये लंडन आणि टोरोंटो इथे आयझॅक मार्क्स यांनी १५४ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ आठवडे अल्प्राझोलाम घेतलेल्यांना सुरुवातीला बरं वाटलं; गोळी बंद केल्यावर मिळवलेलं बहुतेक गेलं. भीतीच्या जागी जाऊन थांबण्याचा सराव केलेल्यांची सुधारणा टिकली. दोन्ही एकत्र घेतलेल्यांत गोळीने सरावाचा फायदा कमी केला. आपल्याकडे २०१४ पासून अल्प्राझोलाम एच-१ परिशिष्टात आहे. केमिस्टाला डॉक्टर आणि रुग्ण यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तिचा उपयोग आहे. त्यापुढे ती धाकाला खतपाणी घालते.

धाकावरचा खरा उपाय म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, सीबीटी. अनेक रुग्णांचं मिळून एक उदाहरण सांगतो. डोंबिवलीहून दादरला नोकरीला जाणाऱ्या एक बाई. एकदा गर्दीच्या फास्ट लोकलमध्ये झटका आला. तेव्हापासून त्यांनी फास्ट सोडली, कारण ती मधली स्टेशनं गाळते; स्लो पकडली, म्हणजे दर स्टेशनात उतरता येईल. मग दाराजवळच उभं राहायचं. पर्समध्ये पाण्याची बाटली, गोळीची पट्टी, फोन पूर्ण चार्ज. मग ऑफिसातल्या मैत्रिणीशिवाय गाडी नाही. मग रजा. यांतली प्रत्येक खबरदारी शहाणपणाची वाटते, आणि प्रत्येक खबरदारी एकच धडा गिरवते : मी वाचले ती या बाटलीमुळे, या दारामुळे. झटक्याने आपण मुळात मरत नाही, हे कळण्याची संधीच त्या गमावतात.

अशा बाईंच्या बाबतीत सुरुवात खोलीतूनच करतो. फिजिशियनने सगळं ठीक असल्याचं सांगितलेलं असतं. नाक दाबून बारीक स्ट्रॉमधून एक मिनिट श्वास घ्यायचा. वीस सेकंदांत त्यांचे डोळे मोठे होतात. 

‘काय होतंय, ताई?’

‘धडधडतंय. गुदमरतंय.’

‘शंभरात भीती किती?’

‘ऐंशी.’

‘आता काय होईल असं वाटतं?’

‘चक्कर येऊन पडेन.’

‘बघू या. पडलात तर मी इथेच आहे.’

मिनिट संपतं. त्या पडलेल्या नसतात. पुन्हा करतो. चौथ्या वेळी भीती चाळीसवर येते. धडधड तेवढीच असते, हे त्यांनाच लक्षात येतं आणि त्या जरा हसतात. मग फिरत्या खुर्चीत गरगर फिरणं, जिन्याने धावत वर जाणं, भराभर खोल श्वास घेणं. घरी रोज सराव. पुढच्या आठवड्यात स्लो लोकल, दारापासून आत. मग बाटलीशिवाय. मग फास्ट. झटका आला तर उतरायचं नाही; तो चढतो तसा उतरतो, एवढं बघायचं. ही पद्धत बार्लो आणि मिशेल क्रास्के यांनी विकसित केली. सीबीटीचे वेगवेगळे घटक सुटे करून तपासणाऱ्या २०१८च्या एका व्यापक विश्लेषणात, शरीराच्या संवेदना मुद्दाम अनुभवण्याचा हाच घटक सरस ठरला. स्नायू सैल सोडण्याचा फायदा दिसला नाही.

इथे हमखास विचारलं जातं, ‘प्राणायामाचं काय?’ प्राणायाम जरूर करा, चांगलाच आहे. पण झटका परतवायचं हत्यार म्हणून तो वापरला, तर त्याची गत पाण्याच्या बाटलीसारखी होते. ‘आज अनुलोम-विलोम केलं म्हणून वाचलो’ हे वाक्य धाकाचंच आहे.

गोळी चांगली की सीबीटी? याचा मोठा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. गंमत अशी की त्यात बार्लो यांच्यासारखे मानसोपचारवाले आणि औषधांवर भर देणारे संशोधक मुद्दाम एकत्र आले होते, म्हणजे कुणी पक्षपाताचा आरोप करू नये. ३१२ रुग्ण, कुणाला इमिप्रामिन, कुणाला सीबीटी, कुणाला दोन्ही, कुणाला नुसती बिनऔषधाची गोळी. उपचार चालू असेतो दोन्ही परिणामकारक. ज्यांना इमिप्रामिन लागू पडलं त्यांचा आराम तर थोडा जास्तच. सगळे उपचार थांबवून सहा महिन्यांनी पाहिलं, तेव्हा सीबीटीवाले टिकून होते आणि औषधवाले घसरले होते. दोन्ही एकत्र घेतलेल्यांनाही औषध सुटल्यावर फटका बसला. याचा अर्थ औषध वाईट असा मुळीच नाही. दिवसाला तीन झटके येणाऱ्याला, सोबत नैराश्य असणाऱ्याला मी औषध देतोच. पण गोळी झटक्यावर चालते. धाक गोळीने जाईलच, याची खात्री नसते. तो उलट्या अनुभवाने जातो, आणि तो अनुभव ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो.

अडचण अशी की सीबीटी करणारे प्रशिक्षित लोक थोडे आहेत आणि ते बहुतेक मोठ्या शहरांत. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीनुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोहोचत नाहीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून मराठीतही चालतो. तो लिहून घ्या. पण माझं खरं गाऱ्हाणं वेगळ्या जागेविषयी आहे, आणि ती जागा म्हणजे कॅज्युअल्टी.

माँट्रियलच्या हृदयरोग संस्थेत १९९६ मध्ये छातीत दुखतं म्हणून आलेल्या ४४१ लोकांची पाहणी झाली. त्यांतल्या चौघांत एकाला पॅनिक डिसऑर्डर होता. तपासणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांच्या तो लक्षात आला नाही असं प्रमाण ९८ टक्के. हृदयाचा जुना आजारही यांतल्या बऱ्याच जणांना होता, म्हणजे एक आहे म्हणून दुसरा नाही असं गृहीत धरता येत नाही. आणि नुसता धीर देऊन काय होतं, तेही पाहिलं गेलं आहे. टोरोंटोच्या स्विन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दोन इस्पितळांच्या कॅज्युअल्टीत झटका घेऊन आलेले ३३ रुग्ण निवडले. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना नेहमीसारखा धीर दिला : तुम्हाला काही झालेलं नाही, काळजी करू नका. उरलेल्यांना एकाच भेटीत सांगितलं : जिथे झटका आला तिथे लवकरात लवकर परत जा, आणि भीती ओसरेपर्यंत तिथेच थांबा. सहा महिन्यांनी दुसऱ्या गटाचे झटके कमी झाले होते, टाळाटाळ कमी झाली होती. नुसता धीर मिळालेल्यांत सुधारणा नव्हती. त्यांची टाळाटाळ वाढण्याकडेच कल होता. अभ्यास छोटा आहे हे मान्य. पण दीडशे वर्षांच्या संशोधनाने झटका आणि धाक यांविषयी जे शिकवलं, त्याच्याशी तो तंतोतंत जुळतो.

म्हणून समोर बसलेल्या डॉक्टरांना माझी विनंती आहे. तपासणी झाली, हृदय ठीक निघालं, की ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून मोकळे होऊ नका. रुग्णाला चार गोष्टी सांगा. याला पॅनिक अटॅक म्हणतात. त्याने जीव जात नाही. तो परत येऊ शकतो, आणि आला तरी आपोआप ओसरतो. जिथे आला तिथे उद्याच जा. हे तोंडी सांगा आणि डिस्चार्जच्या कागदावरही लिहा. घरच्यांना सांगा की सोबत जायला हरकत नाही, पण आठवड्याला थोडं थोडं मागे राहत जा. महिनाभरात जमलं नाही तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा.

पहिला झटका कुणालाही येऊ शकतो, तो आपल्या हातात नाही. त्याचा आजार होऊ द्यायचा की नाही, हे पुष्कळदा त्याच रात्री, त्याच टेबलाशी ठरतं. तिथे सांगायच्या चार वाक्यांना यंत्र लागत नाही, खर्च येत नाही, आणि पाच मिनिटं पुरतात. ती प्रत्येक कॅज्युअल्टीत सांगितली जावीत एवढंच माझं मागणं आहे.